बाटलीचं बूच कुठल्या झाडावर लागतं?

भाचीच्या विज्ञानाच्या वहीत एक वाक्य होतं: ‘१६६५ साली रॉबर्ट हुक याने बुचाच्या पातळ कापात प्रथम पेशी पाहिल्या.’ वाक्य तिला तोंडपाठ होतं. एका मार्काचा हमखास प्रश्न. अडचण एवढीच की बूच म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. “मामा, बूच म्हणजे बाटलीचं झाकण ना? मग प्लॅस्टिकमध्ये पेशी कशा असतील?”

तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या जन्मापासून घरात जेवढ्या बाटल्या आल्या त्या सगळ्यांची झाकणं प्लॅस्टिकची, आणि आम्ही मोठी माणसं त्यांनाच बूच म्हणतो. वस्तू घरातून कधीच गेली, शब्द तेवढा मागे राहिला. म्हटलं, चल, खरं बूच दाखवतो. सोलापूरसारख्या गावात एक बूच मिळायला कितीसा वेळ लागणार?

अख्खा शनिवार गेला. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने रबरी बूच पुढे केलं. भांड्यांच्या दुकानात थर्मासचं झाकण दाखवलं, तेही प्लॅस्टिकचं. माझ्या लहानपणी दवाखान्यातून लाल मिक्श्चर मिळायचं; बाटलीला डोसाच्या खुणांची कागदाची पट्टी चिकटवलेली आणि तोंडाला बूच. तो कंपाउंडर गेला, ती बाटलीही गेली. शेवटी नवी पेठेत होमिओपॅथीच्या एका दुकानात नशीब उघडलं. मालक स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरून धुळीने माखलेली एक पिशवी काढली. “आता सगळे प्लॅस्टिकच्या टोपणाच्या बाटल्या नेतात. ही कधीची पडून आहेत.” पैसे घेतले नाहीत. चार बुचं भाचीच्या तळहातावर ठेवली, एकेक करंगळीच्या पेराएवढं. तिने आधी वास घेतला, मग दाताखाली दाबून पाहिलं.

“हे लाकूड नाहीये, मामा.”

लाकूड नाहीच ते. ती साल आहे.

घरी आल्यावर बहीण म्हणाली, “त्यात काय एवढं, बुचाचं झाड आमच्या शाळेच्या मैदानात होतं की.” हा घोटाळा आधी निस्तरायला हवा, कारण तो घरोघरी आहे. आपण ज्याला बुचाचं झाड म्हणतो ते उंच, सरळसोट. पावसाळा ओसरला की त्याला लांब देठाची पांढरी फुलं येतात, रात्री उमलतात आणि सकाळी झाडाखाली सडा पडलेला असतो. मुली देठात देठ गुंफून, दोरा न घेता त्यांची वेणी करतात. कुणी या झाडाला आकाशमोगरी म्हणतं, कुणी आकाशनिंब. मूळचं ते ब्रह्मदेशाकडचं. त्याची साल जाड, भेगाळलेली आणि बोटाला मऊ लागते. तिची हलक्या प्रतीची बुचं करत, म्हणून हे नाव पडलं. पण हुकच्या हातातलं बूच या झाडाचं नव्हे, आणि आमच्या पिशवीतलंही नव्हे.

ते येतं एका ओकपासून. शास्त्रीय नाव क्वेर्कस सुबेर. भूमध्य समुद्राच्या पश्चिम अंगाला पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया आणि थोडाफार इटली-फ्रान्सचा भाग, एवढंच त्याचं घर. जगातलं निम्म्याच्या आसपास बूच एकटा पोर्तुगाल काढतो, आणि त्याच्या दक्षिणेकडचा आलेंतेजू प्रांत तर या झाडांसाठीच ओळखला जातो. तिथले फोटो पाहिले तर सोलापूरकराला तो मुलूख फार परका वाटणार नाही. उघडं माळरान, पिवळं पडलेलं गवत, अंतराअंतरावर एकेक झाड, खाली चरणारी जनावरं. आपल्या नान्नजच्या माळावर माळढोक, तर आलेंतेजूच्या उघड्या माळावर त्याचा युरोपातला चुलतभाऊ. फरक आहे तो पावसाचा. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. अशा उन्हाळ्यात वणवे लागतात. जाड बुचाची साल हे त्या झाडाचं वणव्यापुरतं चिलखत आहे: बाहेरून कोळसा होतो, आतलं खोड वाचतं, आणि जळलेल्या फांद्यांनाच पुन्हा पालवी फुटते.

‘बूच’ हा आपला शब्दही तिकडूनच आला, असं शब्दांची कुळं शोधणारे सांगतात. पोर्तुगीजमध्ये ‘बुशा’ म्हणजे भोक बुजवायचा बोळा. पाव, बटाटा, चावी, पगार, घमेलं यांच्याच बोटीतून उतरलेला. गंमत म्हणजे खुद्द पोर्तुगीज माणूस बाटलीच्या बुचाला ‘रोल्या’ म्हणतो आणि त्या सालीला ‘कुर्तीसा’.

आता साल. साल सोलली की झाड मरतं, हे आपण ऐकून असतो. कुणी औषधाला म्हणून कडुनिंबाची साल खोडाभोवती गोल काढली तर ते झाड हळूहळू वाळतं. कारण साल हा एकच थर नसतो. लाकडाला चिकटून असलेला आतला भाग जिवंत असतो आणि पानांनी तयार केलेलं अन्न तोच खाली मुळांपर्यंत पोचवतो. तो सगळीकडून तुटला की मुळं उपाशी. त्याच्या बाहेर असतो मेलेल्या पेशींचा थर, झाडाचा रेनकोट म्हणा. हा रेनकोट म्हणजेच बूच. तो बहुतेक झाडांना असतो. फार लांब कशाला, बटाट्याची तपकिरी साल ही बुचाचीच, फक्त अगदी पातळ. तिच्यामुळेच बटाटा पोत्यात महिनोन्‌महिने रसरशीत राहतो आणि सोलून ठेवला की सुकायला लागतो.

बुचाच्या ओकची करामत दोन गोष्टींत आहे. त्याचा हा थर काही सेंटिमीटर जाड होतो, आणि आतल्या जिवंत भागाला धक्का न लागता अलगद सुटतो. सुटला की झाड नवा थर करायला घेतं. धनगर मेंढी कातरतो ना, तसं. मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. हे झाड नऊ वर्षांतून एकदा.

तेही लगेच नाही. रोप लावल्यापासून पहिली साल काढायला पंचवीसेक वर्षं जातात. पोर्तुगालच्या कायद्यात त्यासाठी झाडाचं वय बघत नाहीत, घेर बघतात: जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर खोडाचा घेर ७० सेंटिमीटर भरला पाहिजे. ही पहिली साल खडबडीत, भेगाळ. बाटलीला काही कामाची नाही, तिचा भुगा करतात. मग नऊ वर्षं थांबायचं. दुसरी साल जरा बरी, पण तीही बाटलीला चालत नाही. पुन्हा नऊ वर्षं. तिसऱ्या खेपेला साल गुळगुळीत, एकसारखी निघते आणि चांगली बुचं तिथून सुरू होतात. पंचवीस अधिक नऊ अधिक नऊ, झाली त्रेचाळीस वर्षं. आमच्या जिल्ह्यात ऊस वेळेवर कारखान्याला गेला नाही तर शेतकऱ्याची झोप उडते. लावणारा साठीला टेकेपर्यंत पहिलं धड पीक नाही, असं झाड लावायला कुठलं काळीज लागत असेल?

पुढे मात्र ते झाड पिढ्या पोसतं. साधारण दोनशे वर्षं जगतं आणि तेवढ्यात पंधरा-सोळा वेळा साल देतं. पोर्तुगालमध्ये आगुआस द मोउरा नावाच्या गावी १७८३ साली लावलेला एक वृक्ष आहे. म्हणजे पुण्यात सवाई माधवरावांची पेशवाई चालू असतानाचा. त्याच्या फांद्यांत पाखरांचा इतका कलकलाट असतो की लोकांनी त्याचं नावच ‘शीळवाला’ ठेवलंय. १८२० पासून वीसहून जास्त वेळा त्याची साल काढली गेली. १९९१ मध्ये एकाच वेळी १२०० किलो निघाली, लाखभर बाटल्यांना पुरेल एवढी. २०१८ साली युरोपने ‘वर्षाचं झाड’ म्हणून त्याचीच निवड केली. तिकडे नऊ वर्षांच्या आत साल काढायला कायद्याने बंदी आहे, परवानगीशिवाय झाड तोडायलाही. २०११ पासून तर ते पोर्तुगालचं राष्ट्रीय झाडच आहे.

साल काढायचं काम मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण त्याचे व्हिडिओ भाचीने आणि मी तीन-तीनदा पाहिले. हंगाम मे ते ऑगस्ट. तेव्हा झाडात नव्या पेशी भराभर तयार होत असतात. तो थर कोवळा, पाणीदार असतो, म्हणून साल त्यावरून सुटते. एरवी ओढली तर आतलं कातडं घेऊनच येईल. हत्यार म्हणजे कुऱ्हाड. यंत्रं करून पाहिली आहेत, पण बहुतेक काम अजून तिच्यावरच चालतं. एका झाडाला दोघं जण. आधी एखादी खोल भेग धरून उभा घाव. मग पातं तिथेच ठेवून मनगटाने किंचित पिळायचं. आतून साल सुटतेय की धरून बसलीय, ते आवाजावरून आणि हाताला कळतं. मग वरच्या बाजूला आडवा घाव. कुऱ्हाडीच्या दांड्याचं मागचं टोक पाचरीसारखं तासलेलं असतं, ते फटीत सारून दाबलं की खोडाच्या आकाराची अख्खी पन्हळ सुटून हातात येते. येताना जाड कापड फाडल्यासारखा आवाज होतो. घाव जरासा खोल गेला तर आतली जिवंत साल जखमी होते आणि त्या जागी पुढे बूच वेडंवाकडंच धरतं. त्यामुळे हात बसायला वर्षं लागतात, आणि तिकडच्या शेतीकामांत सगळ्यात जास्त मजुरी मिळणाऱ्यांमध्ये हे कुऱ्हाडवाले येतात. आपल्याकडे कुऱ्हाड झाडाला लागावी म्हणून चालवतात. तिथे ती झाडाला न लागण्याचे पैसे मिळतात.

साल निघाल्यावर खोड ओलं, लालसर दिसतं, गेरू फासल्यासारखं. त्यावर पांढऱ्या रंगाने एक आकडा काढतात. २०२४ मध्ये साल काढली असेल तर ४. मग २०३३ पर्यंत त्या झाडाला कुणी हात लावायचा नाही. वहीत ना रजिस्टरमध्ये, हिशोब झाडाच्या अंगावरच.

पुढचं काम कारखान्याचं. पन्हळी सहा महिने उघड्यावर रचून ठेवतात, मग तासभर उकळतात. उकळल्यावर साल फुगते, मऊ होते, सपाट करता येते. मग तिच्या पट्ट्या पाडून त्यांतून बुचं ठोकून काढतात, आणि इथे एक बारकी गोम आहे. सालीत बाहेरून आत जाणारी बारीक छिद्रं असतात, झाडाच्या श्वासाची. बूच जर त्याच दिशेने काढलं तर ती छिद्रं वरून खाली आरपार जातील आणि बाटली गळेल. म्हणून बूच झाड जसं उभं होतं त्या दिशेने काढतात. छिद्रं आडवी पडतात. आमच्या चार बुचांवरही या तपकिरी आडव्या रेघा दिसत होत्या. उरलेल्या सालीचा भुगा होतो, त्याचे पत्रे आणि ठोकळे. अगदी शेवटची धूळ बॉयलरमध्ये जळण म्हणून. वाया काहीच जात नाही.

एवढं करून साल बाटलीच्या तोंडात एवढी चपखल का बसते? भाचीला तिचं खोडरबर आणायला सांगितलं. खोडरबर चिमटीत दाबलं की ते बाजूंनी फुगतं. बूच तसंच दाब. फुगलं? नाही. बसतं तेवढं खाली, पण बाजूला जागा मागत नाही. रबराचा बोळा बाटलीत वरून ढकलला तर तो आडवा फुगून अडून बसेल. बूच मुकाट आत जातं आणि आत गेल्यावर मूळ आकाराला यायला बघतं, म्हणून काचेला धरून राहतं.

याचं कारण हुकला दिसलं होतं. त्याने धारदार चाकूने बुचाचा पातळ काप काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. दिसल्या त्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या रिकाम्या खोल्या. मठात साधूंच्या एकेकट्या खोल्या असतात त्यांना इंग्रजीत ‘सेल’ म्हणतात. तोच शब्द त्याने वापरला, आणि आज जीवशास्त्राचा अख्खा डोलारा त्या शब्दावर उभा आहे. आपल्या पाठ्यपुस्तकात गोष्ट इथे संपते, मला मात्र पुढची जास्त आवडते. हुक खोल्या मोजत बसला. एका इंच लांबीत हजारावर भरल्या. मग घन इंचाचा गुणाकार: १२५ कोटी ९७ लाख १२ हजार. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, अशी कबुलीही त्याने देऊन टाकली. आणि लगेच त्याने हिशोब लावला तो बुचाच्या गुणांचा: बूच हलकं का, दबतं का, पाणी का पीत नाही. उत्तर एकच. आत हवा आहे आणि ती बंद खोल्यांत आहे.

आजच्या मोजणीने एका घन सेंटिमीटरात साधारण चार कोटी खोल्या येतात. बुचाचा बहुतेक भाग ही कोंडलेली हवाच. भिंतींमध्ये सुबेरिन नावाचा मेणासारखा पदार्थ असतो, त्यामुळे पाणी आत शिरत नाही आणि हवा बाहेर पडत नाही. काही भिंती हार्मोनियमच्या भात्यासारख्या चुण्या पडलेल्या असतात. दाबलं की चुणी मिटते, सोडलं की उघडते. म्हणून बाजूला फुगायची गरज नाही. हवा कोंडलेली म्हणून तरंगतं. हवा हलत नाही म्हणून उष्णताही सहज पलीकडे जात नाही. स्टीलच्या ताटाला हात लावला की गार लागतं, शेजारच्या बुचाच्या तुकड्याला लावला की उबदार, दोन्ही एकाच खोलीत असली तरी. थर्माकोलची कल्पना माणसाला विसाव्या शतकात सुचली. झाडाने ती कधीच करून ठेवली होती.

‘बूच’ या शब्दावर आमच्या आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं मत वेगळं. त्यांनी अक्कलकोट रोडवर तीसेक वर्षं पॅकिंग कापायचं दुकान चालवलं. इंजिनाचे दोन भाग जिथे जोडले जातात तिथे तेल गळू नये म्हणून मधे जो पातळ थर घालतात त्याला पुस्तकात गॅस्केट म्हणत असतील, गॅरेजात पॅकिंगच म्हणतात. त्यात कॉर्कशीटच्या पॅकिंगला मोठं गिऱ्हाईक. आम्ही ‘बूच शोधतोय’ म्हणून दिवसभर हिंडलो आणि घरातच त्याची गुंडाळी पडली होती, हे रात्री आप्पांनी सांगितलं. “बूच-बूच काय करताय? कॉर्क म्हणा की.” एकच वस्तू दोन नावांनी दोन दुनियांत जगत होती, मलाही इतकी वर्षं ते एक आहे असं कधी सुचलं नव्हतं.

आप्पांनी गुंडाळी काढली. बुचाचा भुगा रबरात मळून केलेला तपकिरी पत्रा, मोडल्यासारखा वाकतो पण मोडत नाही. माप घ्यायला फूटपट्टी नाही. झाकणाच्या कडेवर पत्रा ठेवायचा, अंगठ्याने दाबून धरायचा, आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने टकटक ठोकत जायचं. लोखंडाच्या धारेनेच पत्रा कापला जातो. बोल्टच्या भोकांना पंच. एकदा भोकं पडली की दोन बोल्ट घालून पत्रा जागेवर धरायचा, म्हणजे उरलेलं ठोकताना सरकत नाही. वयाच्या ऐंशीतही आप्पांचा टोला कडेवरून घसरत नाही. 

मी नववीत असताना एका पाहुण्यांच्या ट्रॅक्टरचं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, बसवलं होतं. गळायला नको म्हणून बोल्ट जीव खाऊन आवळले. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर परत आला, इंजिनाच्या दोन्ही अंगांनी तेलाचे ओघळ. पॅकिंग मधोमध चिरलं होतं आणि कडेने बाहेर आलं होतं. तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले होते, “बोल्ट आवळायचा नसतो बे, बसवायचा असतो.” त्याचा अर्थ आता हुकच्या खोल्यांमुळे कळला. बूच दबतं ते खोल्यांच्या चुण्या मिटेपर्यंत. त्यापुढे दाबलं तर भिंती फुटतात, आणि फुटलेली भिंत परत उघडत नाही.

दुकानात आणखी कोण कोण यायचं ते आप्पा सांगत बसले. विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या झाकणांना कॉर्कशीट लागायची, आत तेल असतं म्हणून. मागवाले यायचे रोलरच्या पट्टीसाठी: विणलेलं कापड ओढून घेणाऱ्या रोलरवर रबर-कॉर्कची पट्टी गुंडाळली की टॉवेल असो की चादर, घसरत नाही आणि घासलंही जात नाही. लग्नसराई आली की बँडवाले. क्लॅरिनेट चार-पाच तुकड्यांची असते आणि प्रत्येक सांध्यावर पातळ बुचाची पट्टी चिकटवलेली असते. ती झिजली की सांधा हलतो आणि सूर फाटतो. “वरातीच्या आदल्या रात्री आठवण व्हायची त्यांना,” आप्पा म्हणाले.

भाची बॅडमिंटन खेळते. तिचं पिसं झडलेलं शटल कापलं तर वरच्या पातळ कातड्याखाली तेच बूच. चांगल्या शटलला सोळा पिसं आणि बुचाचं डोकं, सगळं मिळून वजन साडेपाच ग्रॅमच्या आत. एवढं हलकं असून फटका खाऊन परत आकाराला येणारं दुसरं काय असणार? क्रिकेटच्या चेंडूच्या पोटातही बूचच असतं, त्यावर घट्ट दोरा, त्यावर चामडं. १८६०च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने उकळलेल्या जवसाच्या तेलात बुचाचा भुगा मिसळून जमिनीवर अंथरायचं लिनोलियम काढलं. जवस म्हटल्यावर आमच्याकडे फक्त चटणी आठवते. अमेरिकेच्या स्पेस शटलला उडताना ढकलणाऱ्या बूस्टर रॉकेटवरही बुचाचा थर असायचा. तापला की तो वरवर जळून जायचा आणि जळताना उष्णता घेऊन जायचा. आतलं धातूचं अंग सुरक्षित. वणव्यात ते झाड करतं तेच.

बाटलीशी बुचाची गाठ तशी उशिरा पक्की झाली. ग्रीक-रोमन लोकांना बूच माहीत होतं. पहिल्या शतकात प्लिनी या रोमन लेखकाने त्याचे उपयोग लिहून ठेवलेत: मासेमारीच्या जाळ्यांना तरंगती, भांड्यांना बुचं, आणि बायकांच्या हिवाळी चपलांना तळवे. पण बाटलीचं तोंड सारख्या मापाचं असल्याशिवाय बुचाला किंमत नाही. सतराव्या शतकात जाड, मजबूत काचेच्या बाटल्या व्हायला लागल्या आणि बुचाचे दिवस फिरले. घट्ट बसलेलं बूच काढायचं कसं हा नवा प्रश्न. त्यासाठीच्या मळसूत्री स्क्रूचं पहिलं पेटंट १७९५ मध्ये सॅम्युअल हेन्शॉल या इंग्रज पाद्र्याने घेतलं.

सोड्याने मात्र बुचाला छळलं. बूच ओलं राहिलं तर फुगून बसतं, वाळलं तर आकसतं आणि गॅस निसटतो. म्हणून बाटल्या आडव्या ठेवायच्या. १८७२ मध्ये हायरम कॉडने बाटलीच्या गळ्यात गोटीच घातली: आतला गॅस गोटीला वर दाबतो आणि बाटली स्वतःच स्वतःला बूच मारते. आपला गोटी सोडा तो हाच. १८९२ मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने दातेरी कडेचं पत्र्याचं झाकण काढलं. लहानपणी आम्ही ज्यांचे बिल्ले म्हणून ढीग जमवायचो ते. त्याच्या आत सुरुवातीला बुचाचीच पातळ चकती असायची, पुढे तिची जागा प्लॅस्टिकने घेतली.

वाइनच्या बाटल्या अजून बहुतांशी बुचालाच धरून आहेत. तिथे बुचाला बदनाम केलं ते एका वासाने. सालीत कधीकधी टीसीए नावाचं रसायन तयार होतं. ते इतकं उग्र की अब्जावा काय, त्याहूनही कमी अंश पुरतो आणि वाइनला भिजलेल्या रद्दीचा वास येतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडवाल्यांनी वैतागून सरळ फिरकीची झाकणं लावली. मग बुचवाल्यांनीही धुण्या-उकळण्याच्या पद्धती सुधारल्या. पिणाऱ्यांचा वाद चालू राहील. झाडाच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट सरळ आहे: सालीला भाव आहे तोवर त्या माळावर झाडं राहतात. भाव गेला की जमीनमालकाला त्रेचाळीस वर्षं कोण थांबायला सांगणार? भराभर वाढणारं निलगिरी तिकडेही आहेच.

रविवारी आप्पांच्या दाढीच्या नव्या ब्लेडने एका बुचाचा काप काढला. पहिले तीन जाड आले, चौथा असा पातळ की फुंकरीने उडाला. तो शोधून शाळेकडून आणलेल्या छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. भाचीने डोळा लावला, बराच वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, “घरं आहेत. पण आत कुणीच नाहीये.”

एक बूच मात्र आम्ही अख्खं ठेवलं. त्याच्या वरच्या गोलावर फिकट-गडद पट्टे दिसतात, झाडाच्या खोडात असतात तसे. एक पट्टा म्हणजे झाडाचं एक वर्ष. भाचीने पेन्सिलचं टोक टेकवत मोजले, सहा भरले. मी चष्मा लावून मोजले तर सात. आप्पांनी बूच हातात घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि पहिल्यापासून मोजायला लागले.